सिलतऱ्याच्या बीजकाचा संगणकीय इतिहास

रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत वसलेले सिलतरा हे मूळचे धरसींवा भागातले गाव होते. केंद्र सरकारने 1988 साली जाहीर केलेल्या विकास केंद्र योजनेत त्याचा समावेश झाला आणि त्यानंतर तिथे स्पंज आयर्न, फेरो अलॉय, बिलेट आणि बांधकामाच्या सळ्या तयार करणारे कारखाने दाटीने उभे राहिले. लोहखनिज न वितळवता, कोळशाच्या साहाय्याने त्यातला प्राणवायू काढून जे सच्छिद्र लोखंड मिळते त्याला स्पंज आयर्न म्हणतात. बस्तर आणि दुर्गकडचे खनिज, कोरब्याकडचा कोळसा, जवळच असलेला भिलाईचा पोलाद कारखाना आणि मुंबई-हावडा रेल्वेमार्ग यांच्यामुळे हा धंदा रायपूरच्या परिसरात रुजणे स्वाभाविकच होते. महाराष्ट्राशी, विशेषतः नागपूरशी, या वसाहतीचे नाते पहिल्यापासून व्यापारी आहे. सिलतऱ्यात कारखाना असलेल्या सारडा एनर्जी अँड मिनरल्स या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय नागपूरच्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर आहे, आणि दुर्ग, राजनांदगाव, बाघनदी, देवरी, साकोली, भंडारा या मार्गाने रायपूरचा माल विदर्भात उतरतो.

मालासोबत कागद चालतो, आणि त्या कागदाच्या पोटात राज्याचा नियम चालतो, ही गोष्ट या रस्त्याला नवी नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळातही छत्तीसगडच्या सुभ्यात सायर, म्हणजे मालाच्या वाहतुकीवरची जकात, वसूल होत असे. 1818 मध्ये इंग्रजांच्या देखरेखीखाली कर्नल ॲग्न्यू याने सुभ्याचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले, तेव्हापासून या रस्त्याचे महत्त्व वाढत गेले. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्याच कागदाचे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले रूप हा आहे. संगणकाच्या इतिहासात ज्याला जुन्या सर्व्हर-स्क्रिप्टकडून आधुनिक वेब फ्रेमवर्ककडे झालेले स्थलांतर म्हणतात, त्याची कथा साधारणपणे एकामागून एक आलेल्या साधनांची आणि त्यांच्या कर्त्यांची कथा म्हणून सांगितली जाते. सिलतऱ्याच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या ट्रकच्या बीजकाकडून पाहिले तर तीच कथा वेगळी दिसते: प्रश्न कोणती भाषा नवी आणि कोणती जुनी हा नसून, नियम नेमका कुठे लिहिलेला असतो, हा ठरतो.

सर्व्हर-स्क्रिप्ट म्हणजे वाचकाने पान मागितल्यावर दूरच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, चालणारा आणि ते पान त्या क्षणी घडवून पाठवणारा कार्यक्रम. त्याची पहिली सर्वमान्य पद्धत 1993 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात रॉब मॅककूल आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आली. तिला सीजीआय म्हणत, आणि तिच्यात प्रत्येक मागणीसाठी सर्व्हर एक स्वतंत्र कार्यक्रम सुरू करून संपवीत असे, त्यामुळे गर्दी वाढली की यंत्र दमत असे. रासमुस लेरडॉर्फ याने 1995 मध्ये खुली केलेली पीएचपी आणि मायक्रोसॉफ्टने 1996 च्या अखेरीस आणलेली एएसपी या दोन्ही पद्धतींनी पानाचा मजकूर आणि कार्यक्रमाच्या ओळी एकाच फायलीत एकमेकींत विणण्याची सोय केली. शिकायला सोपी आणि लगेच फळ देणारी अशी ही सोय होती, आणि तिची किंमत पुढे कळली. छत्तीसगड हे राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी जन्मले, म्हणजे या पद्धती ऐन भरात असताना. नव्या राज्याकडे जुन्या संगणकीय दप्तरांचा बोजा फारसा नव्हता, हा त्याचा फायदा, आणि त्यामुळे त्या दशकात जे उपलब्ध होते तेच त्याच्या कारभाराचे पहिले बांधकाम ठरले.

व्हॅटच्या (मूल्यवर्धित कराच्या) काळात, म्हणजे 2006 पासून पुढे, सिलतऱ्याच्या विक्रेत्याला नागपूरच्या खरेदीदाराकडे माल पाठवताना मुख्यतः दोन कर सांभाळावे लागत. पहिला केंद्रीय उत्पादन शुल्काचा: कारखान्यातून माल निघताना केंद्रीय उत्पादन शुल्क नियम 2002 मधल्या अकराव्या नियमाप्रमाणे बीजक तीन प्रतींत करायचे, मूळ प्रत खरेदीदाराला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी कारखान्याच्या दप्तरी. दुसरा केंद्रीय विक्रीकराचा: खरेदीदाराने आपल्या राज्याच्या विक्रीकर खात्याकडून सी फॉर्म मिळवून विक्रेत्याला दिला तर सवलतीचा दर लागू होई, जो 2007 पर्यंत 4 टक्के, मग 3 टक्के आणि जून 2008 पासून 2 टक्के होता. फॉर्म आला नाही तर फरकाची रक्कम विक्रेत्याच्या बोकांडी बसे; म्हणून रायपूरचे हिशेबनीस तिमाही संपली की नागपूरला फोन लावत बसत, आणि सी फॉर्मची ही पाठपुराव्याची यातायात त्या पिढीतल्या कोणत्याही पोलाद व्यापाऱ्याच्या चांगली लक्षात असेल.

या फॉर्मची आंतरराज्य पडताळणी करण्यासाठी राज्यांच्या अर्थमंत्र्यांच्या अधिकारप्राप्त समितीने टिनक्सिस ही यंत्रणा उभारली. तिथे व्यापाऱ्याचा अकरा अंकी टिन क्रमांक टाकला की त्याची नोंदणी खरी आहे की नाही ते दिसे. क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे: छत्तीसगडचे 22, महाराष्ट्राचे 27. पानाच्या पत्त्याच्या शेवटी जेएसपी ही अक्षरे असत, म्हणजे ते पान जावा भाषेतल्या सर्व्हर-पद्धतीने बनलेले होते. उत्पादन शुल्काची विवरणपत्रे 2009 पासून ज्या एसेस या यंत्रणेत भरली जाऊ लागली तिचीही पाने जेएसपीचीच होती. सीजीआयच्या मानाने जावाची ही पद्धत दमदार होती, कारण मागणीगणिक नवा कार्यक्रम सुरू न करता एकच कार्यक्रम अनेकांना उत्तरे देई. तरीही मोठी विवरणपत्रे थेट पानावर भरणे जिकिरीचे असल्याने एसेसने एक्सेलमध्ये माहिती भरून तिची फाइल चढवण्याची वाटही ठेवली होती. पान हे एकमेव दार नाही, ही जाणीव तिथे पहिल्यांदा दिसते, आणि पुढच्या कथेचे बीज तेच आहे.

रायपुरातच याच सुमारास एक मोठा प्रयोग झाला, आणि तो पोलादाचा नसून धानाचा होता. 2007-08 च्या खरीप हंगामापासून छत्तीसगडने किमान आधारभूत किमतीवरची धान खरेदी संगणकावर नेली आणि तिला स्वस्त धान्य दुकानांच्या पुरवठ्याशी जोडले. सॉफ्टवेअर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, रायपूर शाखेने तयार केले. सहकारी सोसायटीत धानाची मोजणी झाली की शेतकऱ्याची पावती, गोदामातून धान्य उचलायचा आदेश, आणि ट्रकसोबतचे चलन हे सगळे त्याच व्यवस्थेतून निघे, आणि कोणत्या दुकानाकडे किती धान्य निघाले हे कोणालाही पाहता येई. खाद्य विभागाच्या त्या नागरिक-पानाच्या नावाची अखेर डॉट एएसपीएक्स अशी आहे. मायक्रोसॉफ्टने 2002 मध्ये आणलेल्या एएसपी डॉट नेट या पद्धतीची ती खूण होय, आणि एनआयसीच्या कित्येक राज्यांतल्या कामांवर ती आजही आढळते. रायपूरच्या संदर्भात या प्रयोगाचे महत्त्व असे, की ट्रक, चलन आणि सर्व्हर या तिघांची गाठ राज्याच्या पातळीवर तिथे वस्तू व सेवा कराच्या दहा वर्षे आधी पडली होती.

एएसपी डॉट नेटने जुन्या एएसपीतला गुंता बराच सोडवला, परंतु एक वेगळा भ्रम निर्माण केला. वेबचे पान एकदा पाठवले की सर्व्हर ते विसरतो. या पद्धतीने मात्र पानाला जणू स्मरणशक्ती आहे असे दाखवले. त्यासाठी पानावरच्या सर्व रकान्यांची स्थिती एका दडवलेल्या लांबलचक अक्षरमालिकेत भरली जाई आणि ती प्रत्येक वेळी सर्व्हरकडे जा-ये करी. तिला व्ह्यूस्टेट म्हणत. परिणाम असा की कार्यालयातल्या कारकुनाने यादीतून राज्याचे नाव निवडले, एवढ्यावरूनच सबंध पान सर्व्हरकडे जाऊन पुन्हा उमटे, पडदा क्षणभर पांढरा होई, आणि जोडणी मंद असेल तर त्या क्षणाचे मिनिट होई. त्यात सर्व्हरच्या मूळ मांडणीत ओळख लक्षात ठेवण्याची मुदत 20 मिनिटे असे. वजनकाट्यावरची चिठ्ठी येईपर्यंत पान उघडे ठेवून बसलेल्या माणसाने अखेर सबमिटचे बटण दाबले की व्यवस्था त्याला पुन्हा लॉगिनच्या दारात उभे करी आणि भरलेले रकाने रिकामे होत.

यापेक्षा खोल अडचण नियमाच्या जागेची होती. जुन्या एएसपी किंवा पीएचपी पानात कराचा दर, फॉर्मची मुदत, कोणत्या मालाला सूट आहे आणि कोणत्या रकान्याखाली तांबडी सूचना दिसावी, हे सर्व एकाच फायलीत, अनेकदा एकाच परिच्छेदात असे. दर बदलला की लिहिणाऱ्याने ती ओळ शोधून बदलायची, आणि तोच दर इतर सात फायलींत असेल तर त्या सातही आठवायच्या. माहितीच्या भांडाराला विचारायचे प्रश्नही वापरणाऱ्याने टाइप केलेली अक्षरे तशीच जोडून तयार होत, त्यामुळे एखाद्याने रकान्यात हेतुपुरस्सर अवतरणचिन्ह आणि आज्ञा टाकल्या तर भांडार परक्याच्या हुकमाने चालू लागे. हा धोका जेफ फॉरिस्टल याने 1998 मध्येच 'फ्रॅक' या नियतकालिकात मांडला होता. भारतात 2004 मध्ये सर्ट-इन ही सायबर सुरक्षा संस्था सुरू झाली आणि तिच्या यादीतल्या तपासनिसांकडून सुरक्षा तपासणी झाल्याशिवाय सरकारी संकेतस्थळ यजमान सर्व्हरवर चढवायचे नाही, असा दंडक रुळला. सरकारी पानांच्या पुनर्लेखनाला आधुनिकतेच्या हौसेपेक्षा या तपासणीच्या शेऱ्यांनी अधिक चालना दिली, असे म्हणणे धाडसाचे होणार नाही.

फ्रेमवर्क म्हणजे असे आधीच उभे केलेले सांगाडे, ज्यांत लिहिणाऱ्याने काय कुठे ठेवायचे हे ठरलेले असते. त्यांतला बहुतेकांनी स्वीकारलेला विभागणीचा विचार नॉर्वेच्या ट्रिग्वे रेन्सकौग याने 1979 मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मांडला: माहिती आणि तिचे नियम एका जागी, पडद्यावरचे रूप दुसऱ्या जागी, आणि वापरणाऱ्याची मागणी घेऊन या दोघांना जुळवणारा तिसरा. बीजकाच्या भाषेत सांगायचे तर कराचा दर आणि वैधतेची मुदत पहिल्या भागात, छापील बीजकाची मांडणी दुसऱ्यात, आणि 'बीजक तयार करा' ही मागणी तपासून पुढे सोडण्याचे काम तिसऱ्यात. जावात स्ट्रट्स 2000 च्या आसपास, डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन याचे रुबी ऑन रेल्स 2004 मध्ये, कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलेले जँगो 2005 मध्ये, मायक्रोसॉफ्टचे एएसपी डॉट नेट एमव्हीसी 2009 मध्ये आणि पीएचपीतले लाराव्हेल 2011 मध्ये आले. भांडाराला प्रश्न विचारताना वापरणाऱ्याची अक्षरे आज्ञेपासून वेगळी ठेवण्याची सोय त्यांत अंगभूत असते, त्यामुळे फॉरिस्टलने दाखवलेली फट आपोआप बरीच बुजते. सांगाडा म्हणून सुरक्षा मात्र आपोआप येत नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीकडची कोट्यवधी लोकांची माहिती फुटली ती स्ट्रट्समधलीच एक दोषदुरुस्ती वेळेवर न चढवल्यामुळे.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, लागू झाला आणि सिलतऱ्याच्या हिशेबनिसाचे उत्पादन शुल्क, व्हॅट आणि सी फॉर्म या तिन्हींचे पडदे जवळजवळ एकाच रात्रीत बदलले. 2013 मध्ये स्थापन झालेल्या जीएसटीएन या संस्थेचे आणि इन्फोसिसने बांधलेले पोर्टल अँग्युलरजेएस या गूगलच्या सांगाड्यावर उभे होते. या पद्धतीत पान सर्व्हरवर घडत नाही. ब्राउझरमध्येच घडते, आणि सर्व्हरकडून फक्त माहिती येते-जाते. राज्याचे नाव निवडल्यावर पडदा पांढरा होत नाही तो यामुळे. याहून विलक्षण भाग ऑफलाइन साधनाचा होता: विक्रीच्या बीजकांचे विवरणपत्र जोडणीशिवाय भरता यावे म्हणून दिलेले ते साधन उघडले की कारखान्याच्या संगणकावरच नोड डॉट जेएसचा एक छोटा सर्व्हर सुरू होई आणि हिशेबनीस ब्राउझरमधून स्वतःच्याच यंत्राला पाने मागत बसे. सर्व्हर नावाची वस्तू दिल्ली-बंगळूरला असते हा त्याचा समज असेल, तर तो नकळत चुकीचा ठरला होता.

डिजिटल सहीचे प्रकरण या संक्रमणाची दुसरी बाजू दाखवते. कंपन्यांना विवरणपत्रावर अशी सही बंधनकारक होती, आणि तिची किल्ली यूएसबीच्या छोट्या टोकनमध्ये असे. ब्राउझरने ते टोकन वाचावे म्हणून पूर्वी जावा ॲपलेट, म्हणजे पानातच चालणारा जावाचा तुकडा, वापरला जाई. 2015 मध्ये क्रोमने आणि 2017 मध्ये फायरफॉक्सने असे तुकडे चालवणे बंद केले. ज्या सरकारी पानांची सही त्यावर अवलंबून होती त्यांच्यासाठी कार्यालयांत एखादा जुना संगणक जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररसह राखून ठेवण्याची वेळ आली. जीएसटी पोर्टलने एमसाइनर हा वेगळा कार्यक्रम यंत्रावर बसवून घेतला आणि ब्राउझर त्याच्याशी बोलू लागला. कोणत्याही शासननिर्णयाने हा बदल सुचवला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या ब्राउझरकारांनी एक दार बंद केले आणि धरसींव्यातल्या लेखाविभागाला दुसरे शोधावे लागले.

ई-वे बिलाने मात्र उलटा मार्ग धरला, आणि या इतिहासातला सर्वांत बोलका भाग तोच आहे. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालाची वाहतूक करण्यापूर्वी काढायचा हा इलेक्ट्रॉनिक परवाना. त्याच्या पहिल्या भागात बीजकाचा तपशील आणि दुसऱ्यात वाहनाचा क्रमांक असतो, आणि वाटेत ट्रक बिघडून माल दुसऱ्यात भरला तर फक्त दुसरा भाग बदलता येतो. कर्नाटकातल्या ई-सुगम या जुन्या व्यवस्थेच्या अनुभवावरून एनआयसीने तो उभारला. 1 फेब्रुवारी 2018 चा पहिला आरंभ पोर्टल भार न पेलल्याने पुढे ढकलावा लागला आणि आंतरराज्य वाहतुकीसाठी 1 एप्रिल 2018 पासून तो लागू झाला. त्याच्या लॉगिन-पानाचा पत्ता डॉट एएसपीएक्स या जुन्या खुणेनेच संपतो. एकाच कराची दोन दालने, एक तेव्हाच्या नव्या सांगाड्यात आणि दुसरे पंधरा वर्षे जुन्या पद्धतीत, शेजारी शेजारी उभी राहिली. पुढे काय झाले? अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार 2021 च्या अखेरीस संपला. एएसपीएक्स पाने ज्यावर चालतात त्या डॉट नेट फ्रेमवर्कला विंडोजचा भाग म्हणून मायक्रोसॉफ्टचा आधार अजून मिळतो, मग 2016 च्या नव्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये या पानांना जागा मिळाली नसली तरी. ज्याला आधुनिक म्हटले ते आधी निवृत्त झाले. फ्रेमवर्कच्या प्रसारकांनी हे उदाहरण क्वचितच सांगितले आहे.

नियमाच्या जागेचे महत्त्व ई-वे बिलाच्या मुदतीवरून नीट समजते. प्रारंभी दर 100 किलोमीटरला किंवा त्याच्या अंशाला एक दिवस अशी मुदत होती. 1 जानेवारी 2021 पासून ती दर 200 किलोमीटरला एक दिवस झाली. सिलतरा ते नागपूर हे अंतर 300 किलोमीटरच्या आतबाहेर धरले तर ज्या प्रवासाला पूर्वी तीन किंवा चार दिवस मिळत, त्याला आता दोनच मिळतात. त्याआधीच दोन्ही टोकांच्या पिन कोडवरून अंतर आपोआप काढण्याची सोय आली होती, आणि भरणाऱ्याला ते दहा टक्क्यांपर्यंतच वाढवता येत होते. हा नियम व्यवस्थेत एका जागी लिहिलेला असेल तर शंभराचे दोनशे करणे हे एका आकड्याचे काम आहे. पण तोच हिशेब कारखान्याच्या स्वतःच्या रवानगीच्या सॉफ्टवेअरमध्ये, वाहतूकदाराच्या एक्सेलमध्ये आणि छापील सूचनेतही केलेला असेल, तर सरकारी सांगाडा कितीही सुबक असला तरी ट्रक वाटेत अडकायचा तो अडकतोच. बीजकाच्या बाबतीत जुन्या स्क्रिप्टचा दोष, म्हणजे एकच नियम ठिकठिकाणी विखुरलेला असणे, फ्रेमवर्क आल्याने नाहीसा झाला नाही; तो सर्व्हरमधून निघून अनेक कंपन्यांच्या संगणकांत वाटला गेला.

ई-इनव्हॉइसने या विखुरलेपणावर थेट घाव घातला. 1 ऑक्टोबर 2020 पासून 500 कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना बीजक आधी सरकारी नोंदणी केंद्राकडे पाठवून त्याचा क्रमांक आणि क्यूआर चिन्ह मिळवणे सक्तीचे झाले. 2021 च्या जानेवारीत ही मर्यादा 100 कोटींवर, एप्रिलमध्ये 50 कोटींवर, 2022 मध्ये 20 आणि मग 10 कोटींवर, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर आली. इथे पान नावाची गोष्टच मुळी दुय्यम आहे. कारखान्याचे सॉफ्टवेअर, टॅली असो वा मोठी ईआरपी, बीजकाचा तपशील जेसन या ठरलेल्या मांडणीत पाठवते आणि केंद्राचे सर्व्हर तो तपासून उत्तर देतात. त्याच तपशिलातून ई-वे बिलही निघते. मालाचा सांकेतिक क्रमांक चुकला, किंवा करांची बेरीज जुळली नाही, तर उत्तरात ती चूक दाखवणारा संकेतांक येतो. या मांडणीत नियम आधी प्रसिद्ध झालेल्या आराखड्यात असतो आणि सगळ्यांना तोच पाळावा लागतो, मग लिहिणाऱ्याने पीएचपी वापरली आहे की जँगो याची केंद्राला फिकीर नसते. जुन्या टिनचे पहिले दोन अंक जीएसटीच्या पंधरा अंक-अक्षरांच्या क्रमांकात तसेच उतरले आहेत, त्यामुळे सिलतऱ्याचे बीजक अजूनही 22 ने सुरू होऊन 27 कडे जाते.

सिलतऱ्याभोवतीच्या लहान व्यापाऱ्यांचा, भंगार आणि सळ्यांची किरकोळ विक्री करणाऱ्यांचा, मोठा वर्ग 5 कोटींच्या खाली आहे. त्याला आराखडा लागू नाही. तो ई-वे बिल हाताने पानावर भरतो, किंवा एनआयसीने दिलेल्या एक्सेलमधून जेसनची फाइल काढून चढवतो. 1 एप्रिल 2025 पासून या पोर्टलवर शिरताना मोबाइलवरच्या एकवेळ संकेताची सक्ती सर्व करदात्यांना झाली, आणि नोंदलेला मोबाइल मालकाचा असल्याने रात्रपाळीत ट्रक सोडणाऱ्यासाठी आता वेगळा उपवापरकर्ता उघडून त्याचा स्वतःचा क्रमांक नोंदवावा लागतो.